उष्णतेचा उतार

लांबचा प्रवास संपवून गाडी नुकतीच थांबली आहे, असं धरा. चावी फिरवली, इंजिन शांत झालं. लगेच घरात शिरू नका. सामान राहू द्या, फोन खिशातच असू द्या. बॉनेटपासून हातभर अंतरावर उभे राहा आणि थोडा वेळ काहीच करू नका.

आधी कान द्या. खालून मधूनमधून टक्, टक् असा आवाज येतो. तापलेला धातू निवताना आक्रसतो, एक्झॉस्टच्या नळ्या आणि त्यांच्यावरचे पत्रे आपापल्या गतीने आक्रसतात आणि एकमेकांवर घसरतात, त्याचा हा आवाज. आता तळहात बॉनेटच्या वर धरा, टेकवू नका. ऊब जाणवेल. डोळे मिटा. ही ऊब इथवर कशी आली, एवढा एकच प्रश्न मनात ठेवा. उत्तराच्या मागे धावू नका, ते एकेक पायरीने येईल.

पेट्रोलमधून आली, हे तर लगेच सुचतं. तिथेच जरा रेंगाळा. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. एखाद्या छोट्या घराला दोन-तीन दिवस पुरावी इतकी. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जाणारी मध्यम आकाराची गाडी तासाला पाचेक लिटर पेट्रोल घेते. म्हणजे आपण आत गाणी ऐकत बसलेलो असताना पायांपुढच्या त्या डब्यात सुमारे ४५ किलोवॉटची आग अखंड चाललेली असते. आणि त्या वेगाला गाडी पुढे ढकलायला लागतात जेमतेम १२ किलोवॉट.

ही तफावत ऐकून मनात हळहळ उठते. उठू द्या, पण तिच्यावर निकाल देऊ नका. उरलेले तेहतीस किलोवॉट कुठे गेले ते आधी पाहू.

चार सिलिंडरांपैकी एकच निवडा. लक्ष तिथे, आत न्या. पिस्टन वर आला आहे, हवा आणि पेट्रोल एका चिमूटभर जागेत दाबलं गेलं आहे. ठिणगी पडते. वायूचं तापमान २००० अंशांच्या पार जातं. आता हे सावकाश पाहा, कारण सगळं मर्म इथे आहे: वायू फुगू लागतो, पिस्टनला खाली रेटतो, आणि रेटता रेटता स्वतः निवतो. त्याने गमावलेल्या उष्णतेचंच काम झालं. उष्णतेचं बळात रूपांतर होण्याची जागा हीच, बोटभर लांबीच्या या प्रवासात.

पण पिस्टनची धाव मर्यादित असते. तळ गाठायच्या थोडं आधीच एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो. वायूत अजून बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट दाब शिल्लक असतो, तो चांगलाच तापलेलाही असतो. तो झपकन बाहेर सुटतो. इंजिनाचा जो आवाज आपण ऐकतो त्यातला मोठा भाग या सुटण्याचा आहे. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात हे सेकंदाला १०० वेळा घडतं. सायलेन्सर त्या आवाजाला गप्प करतो, आत उरलेल्या बळाला मात्र वाट देत नाही.

सगळी उष्णता या दारानेही जात नाही. काही सिलिंडरच्या भिंतींत शिरते. ती काढून घेतली नाही तर ऑइल जळेल, पिस्टन जाम होईल. म्हणून भोवती कूलंट खेळवतात. ते साधारण ९० अंशांना रेडिएटरकडे जातं आणि वाऱ्याला आपली उष्णता देऊन परततं. ढोबळ हिशेब असा: इंधनाचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी भाग चाकांकडे, जवळजवळ तेवढाच एक्झॉस्टवाटे, तेवढाच रेडिएटरवाटे, बाकीचा घर्षणात आणि इंजिनाच्या अंगातून.

तुमच्या तळहाताखालची ऊब या शेवटच्या वाट्यांतली आहे.

आता डोळे मिटलेलेच ठेवून दोन उष्णता शेजारी शेजारी आणा. एक एक्झॉस्टमधली, ६०० अंशांची. दुसरी रेडिएटरमधली, ९० अंशांची. दोन्हींचं मोजमाप जवळपास सारखं, बारा-चौदा किलोवॉट. दोन्हींची योग्यता सारखी आहे का? यावर पुरेसा वेळ घ्या. आपल्याला शिकवलेली सगळी बेरीज-वजाबाकी ‘हो’ म्हणेल.

‘नाही’ हे उत्तर १८२४ साली एका अठ्ठावीस वर्षांच्या फ्रेंच इंजिनिअरने दिलं. सादी कार्नो त्याचं नाव. वाफेच्या इंजिनातून जास्तीत जास्त किती काम निघू शकेल, या प्रश्नावर त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. ते फारसं कुणी वाचलं नाही आणि छत्तिसाव्या वर्षी कॉलऱ्याने तो गेला. उष्णता म्हणजे नक्की काय, याची त्याची कल्पना आज टिकलेली नाही. तरीही त्याला जे दिसलं ते आजवर कुणी खोडू शकलेलं नाही. त्याने उष्णतेकडे पडणाऱ्या पाण्यासारखं पाहिलं. चाक फिरवतं ते नुसतं पाणी नव्हे; पाण्याचं वरून खाली येणं चाक फिरवतं.

आपल्याला हे समजायला फ्रान्सला जायची गरज नाही. बोरघाट चढून लोणावळ्याला येणाऱ्यांनी खाली खोपोलीच्या वीजघराकडे येणारे ते मोठे नळ पाहिले असतील. १९१५ पासून तिथे सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेलं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली सोडून मुंबईसाठी वीज करतात. तेच पाणी पुढे समुद्राला मिळालं की संपलं. समुद्रात पाणी अमाप आहे, पण उतरायला जागा नाही.

हे चित्र मनात स्थिर होऊ द्या आणि मग त्यावर आकडे ठेवा. उष्णतेची उंची मोजायची तर शून्याखाली २७३ अंशांपासून, जिथे खरा तळ आहे तिथून मोजायची. ३० अंशांची बाहेरची हवा ३०३ वर आहे, रेडिएटरचं पाणी ३६३ वर. मधला उतार ६० चा. ६० भागिले ३६३: शंभरातले सोळा. कितीही उत्तम यंत्र बांधा, रेडिएटरच्या उष्णतेतून याहून जास्त काम काढता येत नाही. एक्झॉस्टचा वायू ८७३ वर आहे. उतार ५७० चा, शंभरातले पासष्ट. उष्णता काढून घेऊ तसा वायू निवतो आणि हा वाटा घटत जातो, पण तरीही तो रेडिएटरच्या कितीतरी वर राहतो.

आता मघाच्या हळहळीकडे पुन्हा पाहा. तिचे दोन भाग झालेले दिसतील. काही उष्णता सोडून द्यावीच लागते. तिच्यावाचून इंजिन चालूच शकत नाही, ती निसर्गाचं देणं आहे. तिच्याबद्दल खंत करण्यात अर्थ नाही. पण जी उंचावर असताना, अजून खूप उतार बाकी असताना सोडून दिली जाते, तिच्याकडे लक्ष द्यायला हवं. मला स्वतःला हा भेद फार मोलाचा वाटतो. सगळंच वाया जातंय अशी नुसती तक्रार करत राहिलो तर काय वाचवायचं ते कधीच कळत नाही.

मग एक्झॉस्टच्या नळीवर बसून थेट वीज देईल असं काही आहे का? आहे. आता लक्ष इंजिनातून काढून एका साध्या कांबीवर आणा. तिचं एक टोक गरम, दुसरं गार. आत विजेचे कण आहेत. गरम टोकाचे कण जोरात धावतात, गार टोकाचे मंद. जोरात धावणारे पसरतात आणि गार टोकाकडे त्यांची गर्दी होते. गर्दी झाली की दोन टोकांमध्ये विद्युत दाब उभा राहतो. काही हलत नाही, फिरत नाही, जळत नाही. जोवर उतार आहे तोवर दाब आहे. एवढंच सूत्र. ते दिसेपर्यंत इथेच राहा.

१८२१ मध्ये थॉमस सीबेकने बर्लिनमध्ये दोन धातूंची कडी करून तिचा एक सांधा तापवला, तेव्हा जवळची होकायंत्राची सुई वळली. त्याला वाटलं, उष्णतेतून चुंबकत्व जन्मलं. कडीतून वीज वाहते आहे, हे ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने ओळखलं. आज या कामासाठी बिस्मथ टेल्युराइड नावाचा पदार्थ वापरतात. त्याचे दोन प्रकारचे बारीक खांब जोडीजोडीने उभे करतात. एका जोडीला एका अंशाच्या फरकामागे मिळतो व्होल्टचा अडीच-हजारावा भाग. म्हणून चार सेंटिमीटर चौरस वडीत अशा १२७ जोड्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. दोन बाजूंत २०० अंशांचा फरक ठेवला तर दहाएक व्होल्ट उभे राहतात, आणि प्रत्यक्ष काम घेताना पाच-दहा वॉट हाती येतात.

या वडीत एक विलक्षण ओढाताण आहे आणि तिच्यावर थोडं जास्त वेळ थांबण्यासारखं आहे. पदार्थाने वीज सहज जाऊ द्यावी, पण उष्णता अडवावी, अशी आपली मागणी असते. उष्णता भरभर पलीकडे गेली तर दोन्ही बाजू सारख्याच तापतील, उतारच नाहीसा होईल. तांब्याकडे पाहा: वीज झरझर नेतं, आणि उष्णताही तितकीच झरझर नेतं, कारण दोन्ही तेच कण वाहून नेतात. काच दोन्ही अडवते. एकाला वाट आणि दुसऱ्याला अटकाव, हे पदार्थाच्या स्वभावाविरुद्ध मागणं आहे. पण एक फट सापडली. उष्णता केवळ विजेच्या कणांवरून जात नाही, अणूंच्या जाळीतल्या कंपनांवरूनही जाते. ती कंपनं तेवढी विस्कटून टाकता आली तर?

नॉर्वेत स्कुटेरुड नावाचं कोबाल्टच्या खाणींचं ठिकाण आहे. तिथल्या एका खनिजाला गावावरून स्कुटेरुडाइट म्हणतात. त्याच्या अणुरचनेत मोकळ्या पोकळ्या असतात. त्यांत एखादा जड अणू सैलसर बसवला की तो आतल्या आत थरथरत राहतो. येणाऱ्या कंपनांची लय मोडते, उष्णता अडखळते, वीज मात्र वाहत राहते. बिस्मथ टेल्युराइड अडीचशे अंशांच्या पुढे टिकाव धरत नाही. स्कुटेरुडाइट एक्झॉस्टचा ताप सोसतं. एका पोकळीतल्या एका अणूच्या थरथरीसाठी माणसं आयुष्याची वर्षं देतात, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता मन खूप दूर न्या. १९७७ मध्ये निघालेली दोन व्हॉयेजर यानं सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेली आहेत. प्रत्येकावर प्लुटोनियमची ऊब आहे, तीच सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या अशा जोड्यांमधून वीज देते. निघताना सुमारे ७००० वॉट उष्णतेतून ४७० वॉट वीज मिळत होती, शंभरातले सात सुद्धा नाहीत. पण ती जवळजवळ अर्धशतक, कुणाच्या हाताच्या स्पर्शावाचून मिळत राहिली. १९५० च्या दशकात सोव्हिएत खेड्यांत रॉकेलच्या दिव्याच्या काचेवर अशाच जोड्यांची पंख्यासारखी पाती बसवून रेडिओ चालवत. दोन्हीकडे काय सारखं आहे ते पाहा. दुसरा उपाय नाही, हे तर आहेच. शिवाय उष्णता स्थिर आहे. दिवा तासन्‌तास एका ज्योतीने जळतो, प्लुटोनियम वर्षानुवर्षं.

तिथून परत गाडीकडे या, आणि गाडी पुण्याच्या कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सातला आणा. पहिला गिअर, ब्रेक, दुसरा गिअर, ब्रेक. एक्झॉस्ट कधी तापतो, कधी निवतो. शिवाय त्या उष्णतेवर आधीच एकाचा हक्क आहे. विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश गाठल्याशिवाय कामाला लागत नाही. त्याच्या आधी उष्णता काढून घेतली तर शहराच्या हवेत विष सोडल्यासारखं होईल. म्हणून वीज करणारा संच त्याच्यानंतर बसवायचा, तिथे तापमान आणखी उतरलेलं.

महामार्गाचा हिशेबही मन शांत ठेवून करा. एक्झॉस्टमधल्या १४ किलोवॉटपैकी अर्धे पकडता आले, त्यातल्या शंभरातल्या पाचांची वीज झाली, तर साडेतीनशे वॉट. गाडीची वीज करणाऱ्या अल्टरनेटरवरचा बराच भार उतरला. शंभर रुपयांच्या पेट्रोलात तीन-चार रुपये वाचावेत इतका. मग वजा करायला बसा. पन्नासेक वड्या आणि त्यांच्या पेटीचं वजन गाडीने दिवसरात्र वाहायचं. नळीत अडथळा आल्याने धूर बाहेर ढकलायला पिस्टनला जास्त जोर लागणार. गार बाजू गार ठेवायला तेच कूलंट वापरायचं, म्हणजे रेडिएटरवर नवा बोजा. आणि वड्यांतलं टेल्युरियम हे मूलद्रव्य प्लॅटिनमच्या पंक्तीतलं दुर्मिळ. बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, फोर्ड यांनी असे संच गाड्यांवर बसवून पाहिले, मेहनत प्रामाणिक होती. पण सर्रास विकल्या जाणाऱ्या गाड्यांत ते रुजले नाहीत. त्याचं कारण वरच्या वजाबाकीत आहे. त्यामागे कुणाचा कट नाही.

दुसरी वाट चाक फिरवण्याची. बीएमडब्ल्यूने २००५ मध्ये एक्झॉस्टवर पाणी उकळून वाफेवर चालणारा जोड दाखवला आणि इंधनाचा शंभरातला पंधरा वाटा वाचेल असं सांगितलं. तोही प्रयोगशाळेतून रस्त्यावर आला नाही. टर्बो मात्र आला, आणि आज आपल्या बहुतेक डिझेल गाड्यांत आहे. धुराच्या जोराने फिरणारं चाक, दुसऱ्या टोकाला इंजिनात हवा कोंबणारं चाक. हेच बळ हवा कोंबण्याऐवजी सरळ इंजिनाच्या दांड्याला देता येतं. १९५४ पासून एअर इंडिया इंटरनॅशनलची जी सुपर कॉन्स्टेलेशन विमानं मुंबईहून लंडनला जात, त्यांच्या अठरा सिलिंडरांच्या राइट इंजिनांत धुरावर फिरणारी प्रत्येकी तीन चाकं होती. एका इंजिनामागे चारशे-पाचशे अश्वशक्ती त्या धुरातून परत मिळत असे. सांताक्रूझला इंधन भरून समुद्रावर झेपावणारी ती विमानं मनात आणा. धुरातून परत आलेल्या बळावर त्यांचा काही पल्ला पार पडत होता, हे किती प्रवाशांना ठाऊक असेल? पुढे जेट आलं आणि ती सारी गुंतागुंत मागे पडली.

फॉर्म्युला वनमध्ये २०१४ ते २०२५ या काळात टर्बोच्याच दांड्यावर विजेचं जनित्र असे, मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत फिरणारं. मर्सिडीजने २०१७ मध्ये त्या इंजिनाची कार्यक्षमता चाचणीत निम्म्याच्या वर नेली. पेट्रोलच्या इंजिनाने इंधनाचा अर्ध्याहून जास्त वाटा कामी लावणं ही मोठी गोष्ट होती. पण तो भाग इतका महाग आणि किचकट की २०२६ च्या नियमांत तो काढून टाकला.

आता पुन्हा त्या एका सिलिंडरमध्ये चला. व्हॉल्व्ह उघडायच्या क्षणापाशी थांबा. वायू अजून गरम आहे, दाब शिल्लक आहे. धूर बाहेर गेल्यावर त्याच्या वाटेत सापळे लावण्यापेक्षा, इथेच त्याला आणखी फुगू दिलं तर? जेम्स अ‍ॅटकिन्सनने १८८० च्या दशकात हाच विचार केला: हवा थोडी आत घ्यायची, वायू जास्त पसरू द्यायचा. अशा इंजिनाचा जोर कमी पडतो, म्हणून ते शंभर वर्षं अडगळीत राहिलं. हायब्रिड गाडीत कमी पडलेला जोर विजेची मोटर भरून काढते, आणि तिथे या चक्राला घर मिळालं. आज अशी इंजिनं उत्तम स्थितीत शंभरातले चाळीस मिळवतात. माझा कौल स्वच्छपणे याच वाटेला आहे. उंचावरची उष्णता बाहेर पडूच न देणं, ती आतच उतरू देणं, हे नंतर वेचत बसण्यापेक्षा खूप बरं. लांब पल्ल्याच्या मालट्रकवर आणि जहाजावर गोष्ट वेगळी. तिथे इंजिन दिवसभर एका चालीने चालतं, आणि जहाजांवर धुराच्या उष्णतेवर वाफ करणं केव्हाचंच रुळलेलं आहे.

ऊब ऊब म्हणूनच वापरणं, हेही विसरू नका. डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरच्या घाटात काचांवरचं धुकं पुसायला हीटर लावता, तेव्हा रेडिएटरकडे निघालेलं तेच ९० अंशांचं पाणी तुमच्या पायांशी येतं. त्यासाठी वेगळं इंधन जळत नाही. विजेच्या गाडीकडे ही फुकटची ऊब नाही, तिला हीटरसाठी बॅटरीतून खर्च करावा लागतो.

विजेच्या गाडीचा विषय निघालाच आहे, तर शेवटचा थांबा चंद्रपूरला घेऊ. तिथल्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. कोळशातल्या उष्णतेचा सुमारे तिसरा भाग वीज होतो, बाकीचा बराचसा त्या उंच मनोऱ्यांतून ढगांसारखा वर जातो. मोजायला गेलं तर गाड्यांच्या सायलेन्सरांपुढे हा डोंगर. मघाची रीत इथे लावून पाहा. ते ढग ज्या पाण्यातून निघतात ते चाळीसेक अंशांवर असतं: ३१३. हवा ३०३. उतार दहाचा, शंभरातले तीन. म्हणजे तिथली उष्णता टर्बाइनमधून उतरत जवळजवळ पायथ्याला येऊन मगच सुटते, आणि आपल्या दारातली गाडी तिला घाटमाथ्यावरूनच सोडून देते.